चंदगडचा पिनकोड ४१६५०९ : एका सहा अंकी संख्येच्या पोटात काय काय दडलेलं असतं?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चंदगड तालुका आहे. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्ग आणि घाट उतरलं की गोवा. इथल्या पत्त्याच्या शेवटी लिहिला जाणारा आकडा म्हणजे ४१६५०९. पार्सल मागवताना, आधारचा पत्ता बदलताना, बँकेचा फॉर्म भरताना तो लिहिला जातो आणि विसरला जातो.

याच आकड्याकडे गणिताच्या नजरेनं पाहिलं तर? ती मूळ संख्या आहे का? तिला कशानं भाग जातो? महाराष्ट्राचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या कसोट्यांवर ती कुठे बसते? मोबाइलवर फिरणाऱ्या 'तुमच्या आकड्यात दडलंय तुमचं नशीब' छापाच्या मेसेजमध्ये कितपत तथ्य असतं? आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कुलपांचा अशा संख्यांशी काय संबंध? या प्रश्नांची उत्तरं या एकाच संख्येच्या मदतीनं समजून घेता येतात. त्यासाठी शाळेतला भागाकार पुरेसा आहे.

हा आकडा आला कुठून?

देशात पिनकोड पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ती आखण्याचं श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिलं जातं. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जात. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, अशा देशात पत्र योग्य ठिकाणी पोहोचवायचं तर सगळ्यांना वाचता येईल अशी एकच खूण हवी होती. ती खूण म्हणजे सहा अंक.

पहिला अंक विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा अंक उपविभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटप करणारं कार्यालय दाखवतात. ४१६ नं सुरू होणारे पिनकोड कोल्हापूरबरोबरच सांगली आणि सिंधुदुर्गातही आढळतात. म्हणून गडहिंग्लज ४१६५०२, आजरा ४१६५०५, चंदगड ४१६५०९, सावंतवाडी ४१६५१० आणि सांगली ४१६४१६ अशी ही मालिका दिसते.

पिनकोडला 'संख्या' म्हणता येईल का?

काटेकोरपणे पाहिलं तर पिनकोड हे एक लेबल आहे. चंदगड आणि सावंतवाडीच्या पिनकोडची बेरीज केली तर त्यातून कुठलंच गाव निघत नाही. आजऱ्याचा पिनकोड चंदगडपेक्षा लहान आहे म्हणजे आजरा लहान आहे असंही नाही. क्रिकेटपटूच्या पाठीवरच्या नंबरसारखाच हा प्रकार आहे.

पण लेबल म्हणून का होईना, चार लाख सोळा हजार पाचशे नऊ ही एक खरी नैसर्गिक संख्या आहे. टपाल खात्यानं ती निवडली नसती तरी तिचे गुणधर्म तेच राहिले असते. त्यामुळे पुढे जे काही येईल ते संख्येबद्दल आहे, चंदगडच्या नशिबाबद्दल नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिला प्रश्न : ही मूळ संख्या आहे का?

जिला १ आणि स्वतः तीच संख्या यांशिवाय दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या आहेत. ६ नाही, कारण ६ = २ × ३.

४१६५०९ पाहताक्षणी मूळ वाटते. शेवटचा अंक ९, म्हणजे २ नं आणि ५ नं भाग जात नाही. अंकांची बेरीज ४ + १ + ६ + ५ + ० + ९ = २५, म्हणजे ३ नं भाग जात नाही. चार-पाच लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या असते. १, ३, ७ किंवा ९ नं संपणाऱ्याच संख्या घेतल्या तर हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. म्हणजे ४१६५०९ मूळ निघण्याची शक्यता काही अगदीच कमी नव्हती.

मग तपासायचं कुठवर? चार लाखांपर्यंत भागाकार करत बसायची गरज नाही. ६४५ × ६४५ = ४१६०२५ आणि ६४६ × ६४६ = ४१७३१६. म्हणजे आपली संख्या ६४५ आणि ६४६ यांच्या वर्गांच्या मध्ये आहे. ती दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यांतली एक तरी ६४५ किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे. दोन्ही त्याहून मोठ्या असत्या तर गुणाकार ४१६५०९ च्या पुढे गेला असता. म्हणून फक्त ६४५ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्या एकूण ११७ आहेत.

३ + ३ अंकांची युक्ती

सहा अंकी संख्येसाठी एक झटपट युक्ती आहे. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा : ४१६ आणि ५०९.

आता दोघांमधला फरक काढा : ५०९ − ४१६ = ९३. या ९३ ला ७, ११ किंवा १३ नं भाग जात असेल तर मूळ सहा अंकी संख्येलाही जातो, नसेल तर जात नाही. कारण १००१ = ७ × ११ × १३, आणि ४१६५०९ = ४१६ × १००१ + ९३. पहिल्या भागाला या तिन्ही संख्यांनी भाग जातोच, त्यामुळे निकाल ९३ वर ठरतो. ९३ ला ७ नं भागल्यावर बाकी २, ११ नं भागल्यावर ५ आणि १३ नं भागल्यावर २ उरते. म्हणजे तिन्ही बाद.

पुढे १७ नं भागल्यास बाकी ९, १९ नं १०, २३ नं २, २९ नं ११ आणि ३१ नं २४. ही सगळी नावं बाद होत जातात आणि संख्या मूळ असल्याचा संशय वाढत जातो.

आता ३७ ची पाळी. इथे तुकड्यांचा फरक नाही, बेरीज घ्यायची : ४१६ + ५०९ = ९२५. आणि ९२५ = २५ × ३७. भाग गेला! कारण ९९९ = २७ × ३७, आणि ४१६५०९ = ४१६ × ९९९ + ९२५. दोन्ही भागांना ३७ नं भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. प्रत्यक्ष भागाकार केला तर :

४१६५०९ = ३७ × ११२५७

३७ ही बारावी मूळ संख्या. म्हणजे ११७ पैकी बाराव्याच प्रयत्नात संख्या फुटली. आता ११२५७ कडे वळायचं. तिचं वर्गमूळ १०६ च्या जरा पुढे आहे. १०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं तरी दरवेळी बाकी उरते. म्हणजे ११२५७ ही स्वतः मूळ संख्या आहे.

निकाल असा : चंदगडचा पिनकोड मूळ संख्या नाही, पण मूळ संख्येच्या अगदी शेजारी आहे. तो बरोबर दोनच मूळ संख्यांचा गुणाकार आहे. अशा संख्यांना इंग्रजीत 'सेमीप्राइम' म्हणतात, मराठीत 'अर्धमूळ' म्हणता येईल. हे नाव लक्षात ठेवा, कारण इंटरनेटच्या कुलपांचा विषय याच जातीच्या संख्यांपाशी येऊन थांबतो.

काजूच्या बिया मांडून पाहू

चंदगड काजूसाठी ओळखलं जातं. समजा एखाद्या खळ्यावर ४१६५०९ काजूच्या बिया आहेत आणि त्या सारख्या लांबीच्या ओळींत मांडायच्या आहेत, एकही बी उरता कामा नये. किती प्रकारे मांडता येतील? एकच लांबलचक ओळ, नाहीतर ३७ ओळी आणि प्रत्येक ओळीत ११२५७ बिया. बस्स. तिसरा आयत बनतच नाही. कारण या संख्येचे विभाजक फक्त चार आहेत : १, ३७, ११२५७ आणि ४१६५०९.

आता हाच प्रयोग सांगलीच्या पिनकोडवर करा. ४१६४१६ मध्ये दोन्ही तुकडे सारखेच, फरक शून्य. म्हणून तिला ७, ११ आणि १३ या तिघांनीही भाग जातो. पूर्ण अवयव काढले तर २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३. या संख्येचे विभाजक तब्बल ७२ आहेत! चंदगडपेक्षा सांगलीची संख्या फक्त ९३ नं लहान, पण एकीला चार विभाजक आणि दुसरीला बहात्तर. संख्या किती मोठी आहे यावरून ती आतून कशी आहे हे कळत नाही, ते असं.

याच विभाजकांवरून संख्यांचं एक फार जुनं वर्गीकरण आहे. त्याचा उगम प्राचीन ग्रीक गणितात आहे. संख्येला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज करायची. ती संख्येइतकीच आली तर परिपूर्ण संख्या (उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३), जास्त आली तर विपुल संख्या, कमी आली तर न्यून संख्या. चंदगडसाठी ही बेरीज १ + ३७ + ११२५७ = ११२९५. चार लाखांपुढे अकरा हजार, म्हणजे चांगलीच न्यून. सांगलीसाठी हीच बेरीज येते ६९०३६८, म्हणजे विपुल.

आणि शेजारचं सावंतवाडी? ४१६५०९ आणि ४१६५१० या पाठोपाठच्या संख्या. पाठोपाठच्या दोन संख्यांना १ सोडून एकही सामाईक विभाजक नसतो, शाळेच्या भाषेत त्या सहमूळ असतात. कारण सोपं आहे. एखाद्या संख्येनं दोघींनाही भाग गेला तर त्यांच्यातल्या फरकालाही जायला हवा, आणि फरक आहे फक्त १.

दोन चौरसांची गंमत

काजूच्या बिया आयतात मांडणं अवघड गेलं, पण त्या दोन पूर्ण चौरसांत वाटता येतील का? एका चौरसात काही ओळी आणि तितकेच रकाने, उरलेल्या बियांचा दुसरा चौरस.

६४५ × ६४५ = ४१६०२५ हे वर आलंच आहे. उरल्या ४८४ बिया. आणि ४८४ = २२ × २२. बरोबर दुसरा चौरस! म्हणजे ४१६५०९ = ६४५ × ६४५ + २२ × २२.

एवढ्यावर थांबत नाही. ६०३ × ६०३ = ३६३६०९ आणि २३० × २३० = ५२९००. यांची बेरीजही ४१६५०९. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येते.

हा योगायोग नाही. ज्या मूळ संख्येला ४ नं भागल्यावर बाकी १ उरते ती दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि ती एकाच प्रकारे. सतराव्या शतकात फ्रान्समधील फर्मा यानं हा नियम सांगितला आणि पुढे ऑयलरनं तो सिद्ध केला. ३७ आणि ११२५७ या दोघी त्याच जातीच्या : ३७ = ६ × ६ + १ × १ आणि ११२५७ = १०४ × १०४ + २१ × २१. अशा दोन संख्यांचा गुणाकार केला की तोही दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात येतो. हा गुणाकाराचा नियम ज्या व्यापक सूत्रातून निघतो, ते भारतीय गणितज्ञ ब्रह्मगुप्त यानं इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथात दिलं होतं.

उलट बाजूनं पाहिलं तर हे आणखी उपयोगी आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येत नाही. त्यामुळे ६४५-२२ आणि ६०३-२३० या दोन जोड्या सापडल्या, तर ३७ नं भागून न पाहताही ४१६५०९ मूळ नाही हे सिद्ध होतं. ऑयलरनं याच वाटेनं संख्यांचे अवयव शोधण्याची पद्धत काढली होती.

कापरेकर मास्तरांच्या कसोट्या

संख्यांशी खेळण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात पहिलं नाव येतं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. वही, पेन्सिल आणि चिकाटी. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं. त्यांच्या चार कसोट्या आपल्या संख्येला लावू.

हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेनं संख्येला पूर्ण भाग गेला पाहिजे. चंदगडची अंकांची बेरीज २५, पण ०९ नं संपणाऱ्या संख्येला २५ नं भाग जात नाही. नापास. गडहिंग्लज मात्र पास : ४१६५०२ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ × २३१३९ = ४१६५०२. सांगलीही पास : बेरीज २२, आणि २२ × १८९२८ = ४१६४१६. आजरा नापास : बेरीज २१, पण भागाकारात १२ उरतात.

स्वयंभू संख्या : कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. उदाहरणार्थ २३ + २ + ३ = २८. म्हणजे २८ चा जनक २३. पण २० चा जनक शोधायला गेलात तर सापडत नाही. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू. ४१६५०९ स्वयंभू आहे का? नाही. तिचा जनक आहे ४१६४८३, कारण ४ + १ + ६ + ४ + ८ + ३ = २६ आणि ४१६४८३ + २६ = ४१६५०९. हा तिचा एकुलता एक जनक आहे.

कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशी वर्गातून परत येणारी संख्या म्हणजे कापरेकर संख्या. ४१६५०९ चा वर्ग १७३४७९७४७०८१. तुकडे १७३४७९ आणि ७४७०८१, बेरीज ९२०५६०. इथेही नापास.

कापरेकर स्थिरांकाचा खेळ : चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलतच नाही. हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता.

सहा अंकी संख्यांत गोष्ट थोडी वेगळी होते. तिथे एकच थांबा नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बाकीच्या सात संख्यांच्या एका फेऱ्यात अडकतात. चंदगडचा प्रवास असा :

९६५४१० − ०१४५६९ = ९५०८४१
९८५४१० − ०१४५८९ = ९७०८२१
९८७२१० − ०१२७८९ = ९७४४२१
९७४४२१ − १२४४७९ = ८४९९४२
९९८४४२ − २४४८९९ = ७५३५४३
७५५४३३ − ३३४५५७ = ४२०८७६

आणि इथून फेरा सुरू : ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, पुन्हा ४२०८७६. सहाव्या पायरीला ही संख्या फेऱ्यात शिरते ती कायमचीच.

मग 'तुमचा लकी नंबर' खरा की खोटा?

फॉरवर्ड मेसेजमध्ये अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायला सांगतात. ४१६५०९ ची बेरीज २५, मग २ + ५ = ७. 'तुमच्या गावाचा अंक ७, म्हणून अमुक स्वभाव, तमुक भाग्य.'

हा ७ म्हणजे नेमकं काय? ४१६५०९ ला ९ नं भागल्यावर उरणारी बाकी. त्याहून अधिक काही नाही. (बाकी शून्य आली तर हे मेसेज त्याला ९ म्हणतात.) एक लाखापासून ९९९९९९ पर्यंतच्या नऊ लाख सहा अंकी संख्यांपैकी बरोबर एक लाख संख्यांचा 'अंक' ७ येतो. एक लाख संख्यांना सारखंच लागू पडणारं भविष्य कुणा एकाचं कसं असेल?

आणखी एक गोष्ट अशी की अंकांची बेरीज हा संख्येचा गुण नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. संगणक दोनच्या पटीत मोजतो. त्याच्या लिपीत हीच संख्या ११००१०११०१०११११११०१ अशी एकोणीस अंकी दिसते, आणि तिथे अंकांची बेरीज २५ नव्हे, १३ येते. आठच्या पटीत लिहिली तर १४५५३७५, बेरीज ३०. काजूच्या बिया तेवढ्याच, लिहिण्याची रीत बदलली की बेरीज बदलली.

म्हणून संख्येच्या गुणधर्मांचे दोन ढीग करायला हवेत. हर्षद असणं, स्वयंभू असणं, कापरेकरांच्या फेऱ्यात शिरणं हे गुण दशमान लिखाणावर अवलंबून आहेत. ते मनोरंजक आहेत, त्यांवर गंभीर गणितही झालं आहे, पण लिहिण्याची पद्धत बदलली की तेही बदलू शकतात. मूळ असणं किंवा नसणं, ३७ × ११२५७ हे अवयव, न्यून असणं, दोन चौरसांत मावणं हे गुण मात्र कुठल्याही लिपीत, कुठल्याही देशात तेच राहतात. कापरेकरांनी आयुष्यभर पहिल्या ढिगातले नियम शोधले, पण त्यांतून कुणाचं भविष्य सांगितलं नाही. भविष्याचे मेसेज पहिल्या ढिगातलाच एक सोपा तुकडा उचलतात आणि त्याला गूढ अर्थ चिकटवतात.

याच जातीच्या संख्येचं इंटरनेटवर कुलूप

३७ × ११२५७ हा गुणाकार कागदावर अर्ध्या मिनिटात होतो. पण नुसतं ४१६५०९ देऊन 'अवयव सांगा' म्हटलं तर बारा मूळ संख्या तपासाव्या लागल्या. नशिबानं ३७ लवकर आली. दोन्ही अवयव सहाशेच्या घरातले असते तर शंभरावर भागाकार करावे लागले असते. गुणणं सोपं, फोडणं अवघड, आणि संख्या मोठी होत जाते तसा हा फरक प्रचंड वाढतो.

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये याच फरकावर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत मांडली. तिघांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. आजही अनेक वेबसाइटची ओळख पटवण्यासाठी ती वापरली जाते. चंदगडच्या पिनकोडचं खेळण्यातलं कुलूप करून पाहू.

जगाला दोन आकडे जाहीर करायचे : ४१६५०९ आणि ५. समजा कुणाला '१५' हा गुप्त निरोप पाठवायचा आहे. त्यानं १५ ला पाच वेळा मांडून गुणाकार करायचा : ७५९३७५. त्याला ४१६५०९ नं भागून उरलेली बाकी ३४२८६६. हाच निरोप पाठवायचा. वाटेत कुणी तो पाहिला तरी त्याला १५ दिसत नाही.

उलगडायला गुप्त किल्ली लागते. ती बनवायला दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून गुणाकार करावा लागतो : ३६ × ११२५६ = ४०५२१६. मग अशी संख्या शोधायची की जिला ५ नं गुणून ४०५२१६ नं भागल्यावर बाकी १ उरेल. ती येते ३२४१७३. आता ३४२८६६ ला ३२४१७३ वेळा मांडून गुणलं आणि ४१६५०९ नं भागून बाकी घेतली की पुन्हा १५ हातात येतात. संगणकाला हे काम क्षणाचं. पण अवयव माहीत नसतील तर किल्ली बनवता येत नाही, सगळी सुरक्षितता तिथे आहे.

अर्थात हे कुलूप शाळेतला मुलगाही तोडेल. खऱ्या कुलपासाठी सहसा ६१७ अंकी अर्धमूळ संख्या वापरतात आणि तिचे दोन्ही अवयव तीनशेहून जास्त अंकी असतात. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी अशी एक संख्या फोडली. त्यासाठी लागलेलं गणन इतकं होतं की संगणकाच्या एकाच प्रोसेसर गाभ्यावर ते करायला सुमारे २७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी तर फारच लांब.

यात भारताचाही एक मोठा धागा आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि वाजवी वेळात ठरवणारी पद्धत शोधली. म्हणजे 'मूळ आहे का?' या प्रश्नाला आता पक्कं उत्तर आहे. 'अवयव कोणते?' हा प्रश्न मात्र आजच्या संगणकांसाठी अजून कठीणच आहे, आणि तो कठीण आहे तोवर हे कुलूप टिकून आहे.

तुमचा पिनकोड तपासायचा असेल तर

१. शेवटचा अंक पाहा. सम असेल तर २ नं, ० किंवा ५ असेल तर ५ नं भाग जातो.
२. अंकांची बेरीज करा. तिला ३ किंवा ९ नं भाग गेला तर संख्येलाही जातो. पूर्ण बेरजेनंच संख्येला भाग गेला तर तुमचा पिनकोड हर्षद!
३. तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा. फरकाला ७, ११, १३ नं भागून पाहा. बेरजेला ३७ नं भागून पाहा.
४. इथवर काहीच सापडलं नाही तर १७, १९, २३, २९, ३१, ४१ अशा पुढच्या मूळ संख्यांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागत जा. पिनकोडच्या वर्गमूळापर्यंत पोहोचेपर्यंत एकदाही पूर्ण भाग गेला नाही, तर तुमचा पिनकोड मूळ संख्या आहे.
५. वर्गमूळाचा पूर्णांक घ्या, त्याचा वर्ग पिनकोडमधून वजा करा. उरलेली संख्याही पूर्ण वर्ग निघाली तर चंदगडसारखे दोन चौरस तुम्हालाही मिळाले. पहिल्याच फटक्यात हे जमणं दुर्मीळ आहे.

४१६५०९ : एका नजरेत

विषम संख्या, मूळ नाही.
अवयव : ३७ × ११२५७, दोन्ही मूळ. म्हणून अर्धमूळ.
विभाजक चार, न्यून संख्या.
दोन वर्गांची बेरीज, दोन प्रकारे : ६४५ आणि २२, ६०३ आणि २३०.
अंकांची बेरीज २५, हर्षद नाही.
जनक ४१६४८३, म्हणून स्वयंभू नाही.
कापरेकर संख्या नाही. कापरेकर पद्धतीत सहाव्या पायरीला ४२०८७६ च्या फेऱ्यात प्रवेश.
भाग्याशी संबंध : नाही.